डिलिव्हरीचं काम आणि गुडघे: जिना, गाडी, ओझं

गोवावेस_पार्सल
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी पट्ट्यात पार्सल, सिलिंडर, पाण्याचे कॅन पोचवणाऱ्यांसाठी हा धागा. एकच विनंती, 'पंधरा दिवस आराम करा' असला सल्ला नको. खेप नाही तर पैसे नाहीत, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. काम चालू ठेवून गुडघा कसा सांभाळायचा ते लिहा. काम थांबवायलाच लागतं ती वेळ कशी ओळखायची तेही लिहा.

सुरुवात दुखण्याच्या जागेपासून करतो. 'गुडघा धरलाय' म्हटल्यावर काहीच कळत नाही, बोट ठेवून जागा दाखवता आली पाहिजे. वाटीच्या मागे किंवा भोवती दुखतंय, जिना उतरताना, उकिडवं बसल्यावर, गाडीवर बराच वेळ पाय दुमडून राहिल्यावर वाढतंय, तर ते वाटी आणि मांडीच्या हाडामधलं दुखणं. डिलिव्हरीवाल्यांत हे फार दिसतं. वाटीच्या खालच्या टोकाला, बोटाखाली मावेल एवढ्याच जागी दुखत असेल तर वाटी नडगीला बांधणारी कंडरा दुखावलेली असते. आतल्या अंगाला सांध्याच्या फटीवर दुखणं म्हणजे बहुतेक दोन हाडांमधली गादी (मेनिस्कस) दुखावलेली, नाहीतर चाळिशीनंतरची झीज. बाहेरच्या अंगाला दुखत असेल तर खुब्यापासून खाली येणारा पट्टा घासत असतो. मागच्या खळगीत गोळा लागत असेल तर सांध्यात वाढलेलं पाणी मागे साचलेलं असू शकतं.

पाच दुखण्यांना पाच वेगळे उपाय आहेत. आपल्याकडे मात्र सगळ्यांवर एकच, मेडिकलमधून आणलेला गुडघ्याचा पट्टा, म्हणजे नीकॅप.

फिजिओ_टिळकवाडी
जागा बरोबर लिहिल्यात. वाटीमागच्या दुखण्यावर सविस्तर लिहिते, कारण विचारणारे बहुतेक तेच असतात.

सपाट रस्त्यावर चालताना वाटीमागच्या सांध्यावर येणारा दाब शरीराच्या वजनापेक्षाही कमी असतो. जिन्यावर तो वजनाच्या तिपटीच्या आसपास जातो. पाठीवर १५ किलोची बॅग असेल तर गुडघ्याच्या हिशोबात ती ४५ किलो धरा. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. तो दमला की झटका सरळ सांध्यावर येतो. म्हणून चढताना दम लागतो आणि उतरताना गुडघा दुखतो. टिळकवाडी, शहापूर, वडगाव भागातल्या लिफ्ट नसलेल्या तीन मजली इमारती आणि जुन्या गल्ल्यांतले उभे, अरुंद पायऱ्यांचे जिने ज्यांच्या वाट्याला येतात, त्यांचं दुखणं आधी सुरू होतं ते यामुळेच.

जिन्यावर करायचं ते असं. चढताना पूर्ण पाऊल पायरीवर ठेवा, नुसत्या चवड्यावर चढू नका. कमरेतून किंचित पुढे झुका, म्हणजे भार मांडीवरून कुल्ल्याच्या स्नायूंवर जातो. ताठ छाती काढून चढलं की सगळा भार गुडघ्याला येतो. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहू द्या, आत वळू देऊ नका. पायरी अरुंद असेल तर उतरताना पाऊल तिरकं ठेवा, टाच हवेत लटकायला नको. एक हात कठड्यासाठी मोकळा ठेवा. त्यासाठी पार्सल पाठीवर आणि बॅगेचे दोन्ही पट्टे खांद्यावर असले पाहिजेत. दुखणं जास्त असेल त्या दिवशी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून पुढची पायरी. वेळ लागतो, पण दिवस निघतो.

दोन-दोन पायऱ्या गाळून उतरणं बंद. तिथं वाचतात ते सेकंद.

सिलिंडर_अण्णा
ताई, बॅगवाल्यांचं झालं. सिलिंडरचं गणित निराळं हाय की ओ. घरगुती सिलिंडरात गॅस १४.२ किलो, लोखंड १५-१६ किलो, म्हणजे भरलेला ३० च्या घरात. लोकांना वाटतंय रिकामा म्हणजे हलका. रिकामासुद्धा १५-१६ किलो असतोय, आणि तो घेऊनच खाली उतरायचं असतंय. दुखणारी बाजू उतरायची, हातात लोखंड, त्यात घाई. गुडघा तिथंच जातोय.

पोरं काय करायलीत बघा, भरलेला खांद्यावर घेऊन नीट चढतात, रिकामा एका हातात लोंबकळत टणाटणा खाली येतात. एका अंगाला ओझं लोंबलं की दुसऱ्या अंगाचा गुडघा आत दबतोय. रिकामा पण खांद्यावरच घ्यायचा, मजल्यागणिक खांदा बदलायचा. सपाटीला तर उचलायचाच नाही, थोडा तिरका करून बुडाच्या कड्यावर फिरवत न्यायचा.

उचलताना खाली बसून उठायचं नाही. गाडीचा फाळका कमरेइतका असतोय, तिथनं सरळ खांद्यावर ओढायचा. जमिनीवर ठेवला की पुन्हा वाकायला लागतंय, त्यातच गुडघा आणि कंबर दोन्ही जातात. गाडी उंच फुटपाथच्या कडेला लावली की एक वीतभर उंची फुकट मिळती.

पाण्याचा २० लिटरचा कॅन पोटाशी धरून जिना चढू नका, खालची पायरी दिसत नाही. खांद्यावर घ्या.

उद्यमबाग_मेकॅनिक
गाडीकडं कोण बघत नाही. गुडघ्याचा निम्मा त्रास गाडीवर बसायच्या, उतरायच्या, उभी करायच्या पद्धतीत आहे.

डबल स्टँड: पाय ठेवायच्या दांडीवर उजव्या पायाचा मधला भाग ठेवा, डावा हात हँडलला, उजवा मागच्या पकडीला. मग गुडघा सरळ करत अंगाचं वजन दांडीवर सोडा, हात फक्त गाडी सरळ धरायला. लोक गुडघा दुमडलेला ठेवून पायानं रेटतात आणि हातानं गाडी वर खेचतात. वजन भरलेल्या गाडीला हे दिवसातून चाळीसदा केलं की वाटीखालची ती दोरी सुजणारच. मालाची गाडी शक्यतो साइड स्टँडवरच लावा. मऊ मातीत स्टँडखाली चपटा दगड किंवा लाकडाचा तुकडा टाका.

उतरताना डावं पाऊल जमिनीवर रोवून त्याच पायावर गर्रकन वळू नका. गुडघा दुमडलेला, वर अंगाचं वजन आणि त्यात पीळ, अशा वेळी गादी चिरडते. आधी दोन्ही पाय जमिनीवर घ्या, मग पाऊल उचलून वळा.

चढावर गाडी लावताना तोंड उताराकडं ठेवा. नाहीतर निघताना सीटवर बसून पायानं मागं रेटत बसावं लागतं, आणि तो जोर पूर्ण गुडघ्याचा असतो. रेटायचीच असेल तर खाली उतरून हँडल धरून ढकला.

मोपेडच्या पायाशी पोतं किंवा खोका ठेवला की गुडघे बाहेर फाकतात आणि टाचा काठावर लटकतात. तास दोन तास तसं बसलं की खुब्यापासून गुडघ्यापर्यंत ओढ बसते. जड माल मागच्या क्रेटमध्ये, पायाशी फक्त हलकं. माल मागं गेला की मागच्या चाकाची हवा गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे डबलसीटच्या आकड्याला ठेवा. मोटारसायकलच्या मागच्या शॉकॲबला खाचा असतात, मालाच्या वजनाप्रमाणे एक-दोन खाचा कडक करा. शॉकॲबमधून तेल गळत असेल तर ते बसलेत म्हणायचं. मग प्रत्येक खड्डा तुमच्या अंगात येतो, आणि जांबोटी रस्त्याला किंवा खेड्याकडच्या फाट्यांना खड्डे कमी नाहीत.

कंग्राळी_बुद्रुक
पट्टा घालायचा का नाही तेवढं सांगा. एक जण म्हणतो दिवसभर घाल, दुसरा म्हणतो घातलास की पाय बारीक होतो.

सिलिंडर_अण्णा
घाला की. जिन्याचं काम असेल तेव्हा घालायचा, बाकी वेळी काढायचा. भीती कशाला?

फिजिओ_टिळकवाडी
अण्णांशी सहमत, एक भर घालते. नीकॅप घातल्यावर बरं वाटतं ते मुख्यतः ऊब मिळते आणि गुडघा कुठं आहे याची जाणीव राहते म्हणून. भार तो फारसा उचलत नाही. त्यामुळे 'पट्टा आहे, आता चार खेपा जास्त' हा विचार महागात पडतो. पाय बारीक होतो तो पट्ट्यामुळे नव्हे, दुखतंय म्हणून त्या पायावर भार टाकणं टाळल्यामुळे.

माप चुकलं तर पट्टा निरुपयोगी. उभं राहून, पाय सरळ ठेवून वाटीच्या मधोमध घेर मोजा. काही कंपन्या वाटीच्या वर मांडीचा घेरही मागतात, पाकिटावर बघा. मापं दोन आकारांच्या मधली आली तर मोठा घ्या. घातल्यावर दोन बोटं आत गेली पाहिजेत. पोटरी फुगली, पाऊल गार पडलं किंवा मुंग्या आल्या तर लगेच काढा. वाटीमागचं दुखणं असेल तर वाटीच्या जागी भोक असलेला घ्या. वाटीखालच्या कंडरेसाठी तिथं बांधायचा अरुंद पट्टा मिळतो, त्याला पुरा नीकॅप लागत नाही. बाजूला पट्ट्या असलेला बिजागरीचा ब्रेस लिगामेंटच्या (हाडं एकमेकांना बांधणाऱ्या पट्ट्यांच्या) दुखापतीसाठी असतो, तो डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नका. झोपताना काहीच नाही.

पावसात भिजलेला नीकॅप तसाच अंगावर वाळवू नका, गुडघ्यामागे खाज आणि पुरळ येतं. दोन जोड ठेवा, एक बदलायला.

गोवावेस_पार्सल
पावसाचा विषय निघालाच आहे तर पायातलंही सांगतो. पाऊस लागला की बरेच जण स्लीपरवर येतात, बूट वाळत नाहीत म्हणून. मागं पट्टा नसलेली चप्पल पायात धरून ठेवायला बोटं आवळावी लागतात, पाऊल आत कलतं आणि त्याच्या मागोमाग गुडघाही. मागं पट्टा असलेले रबरी सँडल तरी घाला. तळाच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या की टाकून द्या, ओल्या शहाबादी फरशीवर त्या पायाखालून सटकतात. खानापूरकडची तांबडी माती आणि बैलहोंगल-सौंदत्तीकडची काळी, दोन्ही तळाला थापटून बसतात. पहिल्या पायरीआधी तळ खरवडायचा. बुटाची टाच बाहेरच्या बाजूनं तिरकी झिजली असेल तर तो बूट रोज गुडघा एका अंगाला ढकलतोय.

येळ्ळूरकर
व्यायाम सांगा ताई. पण जिमवाले नको. सकाळी सातला हबवर हजर राहायचं असतं.

फिजिओ_टिळकवाडी
वीस मिनिटं, एक दिवसाआड, कामाच्या आधी नव्हे तर संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी. कामाच्या आधी पाच मिनिटं नुसता पाय मोकळा करायचा: जागेवर चालणं, चवड्यावर वर-खाली, दहा-बारा अर्ध्या बैठका. थंडीत गाडी सुरू करण्याआधी हे केल्याशिवाय निघू नका.

पहिला आठवडा: पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा खाली दाबत मांडी आवळा. १० सेकंद धरा, १० वेळा, तीन फेऱ्या. मग उताणं झोपून पाय सरळ ठेवत फूटभर उचला, ५ सेकंद धरा, १० वेळा, तीन फेऱ्या. मांडी आवळल्याशिवाय पाय उचलू नका, नाहीतर सगळं काम खुब्याचं होतं.

दुसऱ्या आठवड्यापासून भिंतीची बैठक. पाठ भिंतीला, पावलं भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, गुडघा ४५ ते ६० अंश वाकेपर्यंत घसरत खाली या. काटकोनापर्यंत जायची गरज नाही. ३० ते ४५ सेकंद, पाच वेळा, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. वाटीखालच्या कंडरेचं दुखणं असेल तर एवढ्यानंच बऱ्याच जणांना तात्पुरता उतार पडतो. त्याला जोड म्हणून कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, १५ वेळा, तीन फेऱ्या. गुडघा आत वळतो त्याचं एक मोठं कारण खुब्याच्या बाजूचे स्नायू कमजोर असणं हे असतं, आणि त्यांचा व्यायाम कुणी करत नाही. शेवटी टाचा उचलणं, १५ वेळा, तीन फेऱ्या.

तीन-चार आठवड्यांनी पायरी उतरण्याचा सराव. हाच खरा कामाचा व्यायाम आहे. ३ इंचांच्या उंचीवर उभे राहा, चांगला पाय पुढे हवेत, दुखऱ्या पायावर तीन सेकंद घेत हळूहळू खाली या, टाच टेकली न टेकली की वर. ८ ते १० वेळा, तीन फेऱ्या. जमलं की ६ इंच, मग नेहमीची पायरी. तेही सोपं वाटलं की पाठीवर बॅग, आत पाण्याच्या बाटल्या. एक लिटर म्हणजे एक किलो, वजन मोजायला दुसरं काही लागत नाही.

व्यायाम करताना दुखलं तर? शून्य ते दहाच्या मापात तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या दिवसाइतकं खाली आलं पाहिजे. सकाळी जास्त आखडलं तर पुढच्या वेळी एक तृतीयांश कमी करा, बंद करू नका. फरक दिसायला ६ ते १२ आठवडे लागतात. दोन आठवड्यांत सोडणारेच 'व्यायामानं काय होत नाही' म्हणतात.

घरी जमिनीवर मांडी घालून तासभर जेवण-टीव्ही, देशी संडासात बराच वेळ उकिडवं बसणं, या दोन्ही गोष्टी दुखरे दिवस चालू असेपर्यंत टाळा. संडासासाठी मधे भोक असलेलं स्टूल मिळतं.

शेष_फार्मसी
काउंटरवरून दिसतं ते लिहितो. गोळी घेऊन डबल पाळी मारणं हा प्रकार वाढलाय. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक ही एकाच जातीची औषधं आहेत. दोन एकत्र घेतली तर आराम दुप्पट होत नाही, पोट आणि मूत्रपिंडाला त्रास मात्र वाढतो. उपाशीपोटी नको. दिवसभर उन्हात, पाणी कमी, वर ही गोळी म्हणजे मूत्रपिंडावर थेट घाव. रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, पोटात अल्सर होऊन गेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

'पेनची गोळी' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच जोडगोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं. वर तापाची वेगळी घेतली की ते दोनदा जातं. मोठ्या माणसाला दिवसाला एकूण ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही, आणि रोज दारू असेल तर त्याहून बरंच कमी.

वरून लावायचं डायक्लोफेनॅक जेल त्या मानानं सोपं आहे, दिवसातून तीन-चारदा. जेल लावून वर गरम पिशवी किंवा घट्ट नीकॅप नको.

सगळ्यात वाईट म्हणजे कागदात बांधून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या. एका दिवसात गुडघा मोकळा झाला तर आत स्टिरॉइड असण्याची शंका घ्या. महिनोन्महिने घेतल्यावर साखर वाढते, चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात. आणि बरेच दिवस घेतलेली असेल तर एकदम बंद करायची नसते, डॉक्टरांकडे पुडी घेऊन जा आणि ते सांगतील तशी कमी करा.

येळ्ळूरकर
शेक की बर्फ?

फिजिओ_टिळकवाडी
सुजलाय, हाताला गरम लागतोय: बर्फ, कापडात गुंडाळून १५ मिनिटं. सूज नाही, नुसता सकाळी आखडतो: शेक. तेल लावायचं तर लावा, पण गरम सुजलेल्या गुडघ्यावर रगडून मालिश नको.

गोवावेस_पार्सल
आता काम थांबवायची वेळ. गुडघा पिरगळून तासा-दोन तासांत टम्म फुगला, मधेच अडकून सरळच होईना, चालताना आपोआप निसटतोय, ताप आहे आणि सांधा लाल-गरम आहे, किंवा एकच पोटरी सुजून दुखतेय, यातलं एकही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. ताप आणि लाल सांधा असेल तर रात्री उशिरासुद्धा. पडल्या-आपटल्यानंतर चार पावलं टाकता येत नाहीत, गुडघा काटकोनापर्यंत वाकत नाही किंवा नेमकी वाटीवर दाबून कळ येते, तर एक्स-रे काढूनच घ्यायचा. वय ५५ च्या वर असेल तरी काढायचा.

झिजेसाठी एक्स-रे काढताना उभं राहून काढायला सांगा. झोपून काढलेल्यात सांध्यातली फट खरी आहे त्यापेक्षा मोठी दिसते. एमआरआयची घाई नको. चाळिशीनंतर न दुखणाऱ्या गुडघ्यातही गादीला चिरा दिसतात, आणि त्या कागदाकडं बघून माणूस उगाच घाबरतो.

उचगावचा_कारकून
कागदपत्रांचं मी लिहितो. पगारपत्रकावर असाल आणि पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापलं जातंय का बघा. तुमचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. कापलं जात असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या ७० टक्के मिळतात. अट म्हणजे संबंधित सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी, आणि रजेचा दाखला ईएसआयच्या डॉक्टरांचा हवा. बाहेरच्या दाखल्यावर अडतं.

ॲपवर खेपेप्रमाणे काम करणाऱ्यांना ईएसआय नसतं. त्यांच्यासाठी कर्नाटकानं २०२५ मध्ये गिग कामगारांचा कायदा केला. कामगाराला मिळणाऱ्या रकमेवर १ ते ५ टक्के कल्याण फी कंपनीनं भरायची, आणि कामावरून काढायचं तर लेखी कारण देऊन १४ दिवस आधी कळवायचं, असं त्यात आहे. ई-श्रमची (असंघटित कामगारांची केंद्र सरकारची नोंद) नोंदणी करून ठेवा. आणि नीट समजून घ्या, अपघात विम्यात हळूहळू वाढलेलं गुडघ्याचं दुखणं बसत नाही. पायरीवरून घसरून पडलात तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नोंद करा आणि केसपेपरवर 'काम करताना' हे शब्द लिहून घ्या. फॉर्म कन्नडमध्ये येतो. वाचता येत नसेल तर भरून घ्या, पण सही करण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्या.

महाराष्ट्र सरकारची महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केलेली आहे. ती दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी. दवाखाना त्या यादीत आहे का हे जाण्याआधी विचारा.

कंग्राळी_बुद्रुक
सणाच्या सेलला पार्सलं दुप्पट होतात, तेव्हा काय करायचं? तिथंच मोडतो माणूस.

गोवावेस_पार्सल
दसरा-दिवाळीच्या आधी किमान सहा आठवडे व्यायाम सुरू केलेला असला पाहिजे, सेल लागल्यावर नव्हे. मग मार्ग लावताना वरच्या मजल्यांची सगळी घरं शेवटाला ढकलू नका. पाय ताजे असताना निम्मी करा, मधे सपाटीची दुकानं घ्या, मग उरलेली. एका इमारतीची सगळी पार्सलं वर जाण्याआधी छाटून घ्या, वरच्या मजल्यापासून सुरू करून खाली या, म्हणजे उतरताना बॅग हलकी होत जाते. गेटवरून फोन केला की निम्मे लोक खाली येतात, नीट विचारलं तर. टीम लीडरला सांगून जोडीदाराशी दिवसाआड मार्ग बदलून घ्या, लिफ्टवाला आणि जिन्याचा.

येळ्ळूरकर
ताई, ३ इंचांची पायरी घरात कुठून आणू? उंबरा चालेल का?

फिजिओ_टिळकवाडी
उंबरा अरुंद असतो, टाच बसत नाही. भट्टीची वीट आडवी ठेवली की उंची साधारण ३ इंच येते. चार विटा दोन-दोन करून शेजारी लावा, वर जाड गोणपाट घाला, म्हणजे पूर्ण पाऊल मावतं. भिंतीला लागून मांडा, आधाराला एक हात भिंतीवर. ६ इंचांसाठी वरचा थर आडवा-उभा बदलून रचा, नाहीतर सांध्यावर विटा सरकतात.